सीएनजी गाडी पेट्रोलवर पुन्हा पुन्हा अडखळते: क्लीनरची बाटली निवडण्याआधी आणि निवडताना काय पाहावे

ठाण्यात कासारवडवलीहून महापेला रोज ये-जा करणाऱ्या माझ्या २०१८ सालच्या सीएनजी हॅचबॅकला जवळजवळ दोन वर्षे एकच तक्रार पुन्हा पुन्हा होत होती. सीएनजीवर गाडी सुरळीत चालायची. पण गॅस संपला म्हणून किंवा पंपावरची रांग टाळायची म्हणून पेट्रोलवर घेतली की सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचे, क्लच सोडताना झटका बसायचा आणि कळव्याच्या पुलावर चढताना पिकअप अजिबात मिळायचा नाही. दुकानातून फ्युएल सिस्टिम क्लीनरची बाटली आणून टाकीत ओतली की आठवडाभर बरे वाटायचे आणि दोन-अडीच महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. अशा चार बाटल्या वापरून झाल्यावर मी हा प्रश्न शिस्तीने सोडवायला घेतला. ठाणे आणि नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या इतक्या आहेत की हीच तक्रार अनेकांची असणार, म्हणून तपासणीचा क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर देत आहे.

मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम करतो. टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, मिनरल टर्पेंटाइन ही द्रावके रोज हाताखालून जातात. त्यामुळे बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न मला सुरुवातीलाच पडायला हवा होता. तो पडला मात्र सर्वांत शेवटी.

सर्वप्रथम, दोष खरोखर पेट्रोलच्या बाजूचा आहे का, हे ठरवावे लागते. सीएनजी गाडीत ही तपासणी फार सोपी आहे, कारण एकाच इंजिनाला दोन वेगवेगळी इंधने देऊन पाहता येते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ते दोन्ही इंधनांवर पाच-पाच मिनिटे उभ्या जागी आणि नंतर चालवून पाहावे. दोन्हीवर मिसिंग होत असेल, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण मधूनमधून पेटत नसेल, तर कारण स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) किंवा कुठेतरी आत शिरणारी जादा हवा यांपैकी असते, आणि त्यासाठी टाकीत काहीही ओतणे व्यर्थ आहे. फक्त सीएनजीवर मिसिंग होत असेल तर आधी प्लग आणि कॉइल पाहावेत, कारण गॅसचे मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि अशक्त प्लग तिथेच पहिल्यांदा उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर त्रास होत असेल, आणि माझ्या गाडीत तेच होते, तरच पेट्रोलची टाकी, पंप, फिल्टर आणि पेट्रोल इंजिनात फवारणारे इंजेक्टर यांच्याकडे वळावे.

दुसरी तपासणी स्कॅनरची. इंजिनच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर आता बहुतेक गॅरेजमध्ये असतो आणि मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर स्वतःही विकत घेता येतो. त्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे दिसतात, अल्पकालीन आणि दीर्घकालीन. इंजिनचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देत आहे, ते या आकड्यांवरून कळते. आकडा अधिक चिन्हाचा आणि मोठा असेल तर मिश्रणात इंधन कमी पडत आहे आणि संगणक ते भरून काढतो आहे. हा आकडा उभ्या जागी मोठा असून २,५०० आरपीएमला शून्याच्या जवळ येत असेल, तर बहुधा व्हॅक्यूमच्या नळीतून किंवा गॅस्केटमधून हवा गळते आहे. उभ्या जागी आणि वेगातही तो मोठाच राहत असेल तर इंधन पुरेसे पोहोचत नाही, आणि भार दिल्यावर आणखी वाढत असेल तर फिल्टर किंवा पंपावर संशय घ्यावा. माझ्या गाडीत पेट्रोलवर दीर्घकालीन ट्रिम उभ्या जागी अधिक १६ आणि वेगात अधिक १४ होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, अन्यथा माणूस नसलेला दोष शोधत बसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत पंपांवर बहुतांशी तेच मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एक किलो इंधनाला लागणारी हवा कमी होते. साध्या पेट्रोलला ती सुमारे १४.७ किलो लागते, १० टक्के इथेनॉलच्या ई१० ला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे जी गाडी ई१० धरून बसवलेली आहे, तिचा संगणक ई२० वर चार-पाच टक्के इंधन जास्त देणारच. हा दोष नव्हे, आणि कोणत्याही बाटलीने तो आकडा खाली येणार नाही. माझ्या १६ मधल्या चार-पाच टक्क्यांचा असा आपोआप खुलासा झाला. उरलेल्या अकरा-बारांचा शोध घ्यायचा होता.

तिसरी तपासणी पेट्रोलची. वागळे इस्टेटमधल्या ज्या मेकॅनिककडे मी गाडी देतो, त्यांनी पंपाच्या लाइनमधून टाकीतले अर्धा लिटर पेट्रोल धातूच्या भांड्यात काढून दिले. हे काम मोकळ्या हवेत आणि जाणकारानेच करावे. घरी नळीने तोंडाने ओढून करण्याचा हा प्रकार नाही. मी ते काचेच्या उभट बरणीत भरले आणि शेजारी त्याच दिवशी भरलेले पेट्रोल दुसऱ्या बरणीत ठेवले. पांढऱ्या कागदावर दोन्ही बरण्या ठेवल्यावर फरक लख्ख दिसला. ताजे पेट्रोल फिके पिवळसर आणि तीक्ष्ण वासाचे होते, तर टाकीतले गर्द, कडक चहासारखे आणि जुन्या वार्निशच्या डब्यासारखा आंबूस वास असलेले. दोन थेंब काचपट्टीवर वाळू दिले. ताज्या पेट्रोलचा मागमूस राहिला नाही, जुन्याचा मात्र बोटाला चिकटणारा पिवळट कडा राहिला. हाच कडा इंजेक्टरच्या टोकाशी बसत होता.

रात्रभर ठेवूनही बरणीच्या तळाशी वेगळा थर जमला नाही, म्हणून पाण्याचा संशय मी सोडून दिला. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धीरिकामी टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पाणी जमू शकते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते. असा थर दिसला तर एकच उपाय आहे: टाकी पूर्ण रिकामी करणे. पाणी काढणारे म्हणून मिळणारे द्रव मुख्यतः आयसोप्रोपिल अल्कोहोलचे असतात. ज्या इंधनात आधीच पाचवा हिस्सा अल्कोहोल आहे, त्यात आणखी पाव लिटर अल्कोहोल घालून विशेष काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हे पेट्रोल इतके जुने का झाले, याचा विचार केल्यावर सारा उलगडा झाला. माझी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी थोडे गरम झाले की दोन-तीन मिनिटांत आपोआप सीएनजीवर जाते. टाकीत सात-आठ लिटर पेट्रोल असायचे आणि ते तीन-चार महिने पुरायचे. त्या काळात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचे हवेशी संयोग होऊन डिंकासारखा पदार्थ बनतो. शिवाय गाडी सीएनजीवर चालते तेव्हा पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. त्यांच्या टोकाशी राहिलेला थेंब इंजिनाच्या उष्णतेने भाजला जातो आणि त्याला धुवायला मागून नवे पेट्रोल येत नाही. काही नव्या गाड्या तर थेट सीएनजीवरच सुरू होतात. त्यांच्या पेट्रोल इंजेक्टरना तेवढीही हालचाल मिळत नाही.

आणि बाटलीचे काय झाले, ते तर मला आता स्पष्ट दिसते. ३०० मिलिलिटरची, ६० लिटर पेट्रोलसाठी असलेली बाटली मी आठ लिटरमध्ये ओतत होतो. अर्धा टक्का अपेक्षित असताना प्रमाण पावणेचार टक्क्यांवर जात होते. शिवाय पहिले दोन-चार दिवस सोडले तर दोन-तीन मिनिटांत गाडी सीएनजीवर जायची, म्हणजे ते तीव्र मिश्रण इंजेक्टरमधून फारसे वाहायचे नाही, बहुतेक टाकीतच पडून राहायचे. मग आठवडाभर बरे का वाटायचे? कारण बाटली टाकायच्या दिवशी मी हटकून पाच लिटर ताजे पेट्रोल भरायचो आणि परिणाम पाहायला म्हणून दोन-चार दिवस गाडी पेट्रोलवरच चालवायचो. जो गुण यायचा तो ताज्या पेट्रोलचा आणि सलग वापराचा होता. श्रेय मी बाटलीला देत होतो.

याचा अर्थ बाटलीचा उपयोगच नसतो असा नाही. मात्र बाटलीवरच्या चित्रापेक्षा आतले रसायन पाहून ती निवडावी लागते. येथे द्रावक आणि डिटर्जंट यांतला भेद समजून घेणे आवश्यक आहे. आमच्या कारखान्यात फरशीवर सांडलेला रंग त्याच दिवशी थिनरच्या बोळ्याने निघतो. पण तोच रंग पत्र्यावर लावून भट्टीत भाजला की थिनरमध्ये दिवसभर बुडवूनही त्याला ढिम्म काही होत नाही. इंजेक्टरवरचा थरही असाच असतो. वरचा चिकट, ताजा डिंक नॅफ्था, झायलीन यांसारख्या द्रावकांत विरघळतो, परंतु खालचा भाजलेला कार्बनयुक्त थर निव्वळ द्रावकाला दाद देत नाही. त्यासाठी डिटर्जंट लागतो, ज्याच्या रेणूचे नायट्रोजनयुक्त टोक थराला चिकटते आणि लांब शेपूट पेट्रोलमध्ये मिसळते, त्यामुळे थराचे कण थोडे थोडे उचलले जाऊन इंधनाबरोबर जळून जातात.

बाजारात या कामासाठी प्रामुख्याने दोन रसायने आढळतात. पॉलिइथर अमाइन, म्हणजे पीईए, हे उष्णता चांगली सोसते आणि म्हणून इंजेक्टर व इनटेक व्हॉल्व्हबरोबरच ज्वलनकक्षातल्या थरावरही काम करते. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, म्हणजे पीआयबीए, इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवते, पण प्रमाण जास्त झाले तर स्वतःच ज्वलनकक्षात थर वाढवू शकते. जमलेला थर काढायचा असेल तर मी पीईए घेईन. नुसते स्वच्छ राखायचे असेल तर डिटर्जंट घातलेले पंपावरचे महाग पेट्रोल अधूनमधून भरले तरी भागते. बाटलीवर घटक बहुधा लिहिलेले नसतात. त्यासाठी त्या उत्पादनाचे सुरक्षा माहितीपत्रक मिळवावे, जे बऱ्याच कंपन्या आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यात फक्त नॅफ्था, केरोसीन वर्गातील हायड्रोकार्बन आणि अल्कोहोल दिसले व अमाइनचा उल्लेखच नसला, तर ती बाटली मूलतः द्रावकाची आहे असे समजावे. ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता, वाढवणारी बाटली हा अगदी निराळा प्रकार आहे. तिने काही साफ होत नाही. उलट फेरोसीन असलेल्या बूस्टरने प्लगवर लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबूस लेप बसतो.

घरगुती उपायांविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. माझ्या सोसायटीतल्या एका काकांनी मला आपुलकीने सांगितले, "अरे, तुमच्याकडे तर ॲसिटोन फुकट मिळत असेल, घाल की दोनशे मिली." मी त्यांना तोंडी काही सांगण्याऐवजी इंजेक्टरची एक जुनी ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) ॲसिटोन भरलेल्या झाकणाच्या बाटलीत टाकून प्रयोगशाळेत ठेवली. दुसऱ्या दिवशी चिमट्याने बाहेर काढली तेव्हा ती फुगून जाड झाली होती, बोटांत दाबल्यावर साबणाच्या चकतीसारखी मऊ लागत होती आणि इंजेक्टरच्या खाचेत परत बसेना. इंजेक्टरच्या ओ-रिंगसाठी वापरले जाणारे फ्लुरोकार्बन रबर पेट्रोल आणि टोल्युइन उत्तम सोसते, परंतु ॲसिटोनसारख्या कीटोनपुढे टिकत नाही. नायट्राइल रबर तर टोल्युइन आणि झायलीनमध्येही फुगते. रंगाच्या दुकानातल्या अनेक थिनरमध्ये ही मंडळी एकत्र असतात. पेट्रोलमध्ये मिसळून प्रमाण कमी होते हे खरे, पण ते प्रमाण तुमच्या गाडीतल्या प्रत्येक रबराला चालेल की नाही हे कोणीच तपासलेले नसते. आणि तप्त इंजिनावर पेट्रोलची एक जरी ओ-रिंग गळू लागली तर प्रश्न थरथरण्याचा राहत नाही, आगीचा होतो. पेट्रोलमध्ये रॉकेल घातल्याने ऑक्टेन घसरते, इंजिन नॉक करते, म्हणजे आतून ठोके दिल्यासारखे वाजते, आणि काजळी वाढते. ते कोणत्याही कारणाने घालू नये.

मी शेवटी केलेले काम असे. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकले. २० लिटर ताजे पेट्रोल भरण्याआधी टाकीत पीईए असलेल्या बाटलीतले १०० मिलिलिटर मोजून ओतले, म्हणजे लेबलवरचे अर्ध्या टक्क्याचे प्रमाण राहिले. आधी द्रव आणि मागून पेट्रोल असा क्रम ठेवला की ते नीट ढवळले जाते. त्यानंतर गाडीचे बटण पेट्रोलवर ठेवून ते सगळे पेट्रोल संपत येईपर्यंत सीएनजीला हात लावला नाही. खर्च जास्त आला, पण यावाचून क्लीनर इंजेक्टरपर्यंत पोहोचणारच नव्हता. घोडबंदर रोडच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत जाण्याने हे काम नीट होत नाही, म्हणून त्या काळातल्या दोन रविवारी सकाळी लवकर वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत वेगमर्यादेत सलग गाडी नेऊन आणली.

पहिल्या पाच दिवसांत काहीच फरक दिसला नाही, आणि अशा वेळी दुसरी बाटली ओतण्याचा मोह आवरावा लागतो. डिटर्जंटचे काम सावकाश होते. दहाव्या दिवशी उभ्या जागची थरथर जाणवेनाशी झाली आणि टाकी संपताना दीर्घकालीन ट्रिम अधिक ६ वर आली, जी ई२० धरता मला समाधानकारक वाटते. पीईएचा काही अंश पिस्टनच्या रिंगांजवळून इंजिन ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हा उपचार मी सर्व्हिसिंगच्या आधी ठेवला आणि टाकी संपल्यावर ऑइल बदलून घेतले. सुटलेला गाळ फिल्टरमध्ये अडकू शकतो. ज्यांच्या गाडीत फिल्टर सहज बदलता येतो त्यांनी तोही बदलावा. अनेक गाड्यांत तो टाकीतच पंपाबरोबर असतो, तिथे पेट्रोलचा दाब मोजून मगच निर्णय घ्यावा.

एवढे करूनही फरक पडला नाही तर आणखी बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. माझ्या नेरुळच्या एका सहकाऱ्याच्या गाडीला हाच उपचार लागू पडला नाही. तुर्भ्याला इंजेक्टर काढून तपासणीच्या यंत्रावर लावले, तेव्हा चार काचनळ्यांपैकी तिघींत पातळी सारखी आली आणि चौथीत स्पष्ट कमी भरली. त्या इंजेक्टरचा फवाराही धुक्यासारखा न पडता एका बाजूला धार धरून पडत होता. अल्ट्रासोनिक यंत्रात साफ करून नव्या ओ-रिंग घातल्यावर तो इतरांच्या बरोबरीला आला. इतका बुजलेला इंजेक्टर टाकीतून साफ होईल अशी आशा धरू नये, कारण ज्यातून इंधनच कमी जाते त्यातून क्लीनरही कमीच जातो.

टाकीत घालायचे क्लीनर, थ्रॉटल बॉडीचा स्प्रे आणि ऑइलमध्ये घालायचा इंजिन फ्लश या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची अदलाबदल करू नये. थ्रॉटल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर कदापि मारू नये, त्यासाठी अवशेष न ठेवता उडून जाणारा वेगळा स्प्रे मिळतो. काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप असतो, तो तीव्र द्रावकाने जातो. म्हणून स्प्रे थेट न मारता कापडावर घेऊन पुसणे बरे. इंजिन फ्लशच्या बाबतीत, ज्या जुन्या गाडीचे ऑइल वेळेवर बदललेले नाही तिच्यात मी तो वापरणार नाही. एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिन कोरडे पडते. डिझेल ओतून इंजिन धुण्याच्या जुन्या पद्धतीलाही हाच आक्षेप लागू आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इंधन इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन टाकीतल्या कोणत्याही क्लीनरने निघत नाही. डिझेल गाडीला डिझेलचेच उत्पादन लागते. सीएनजीचे इंजेक्टरही टाकीतल्या बाटलीने साफ होत नाहीत. त्यांच्यासाठी गॅसचा फिल्टर वेळच्या वेळी बदलावा, कारण पंपावरच्या काँप्रेसरचे ऑइल गॅसबरोबर थोडेफार येऊ शकते.

उपचारानंतर मी टाकी पावपेक्षा खाली जाऊ देत नाही, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, आणि दोन महिन्यांत संपेल त्याहून जास्त पेट्रोल भरतही नाही. दर शनिवारी घरी परतताना महापे ते कळवा हे अंतर इंजिन गरम झाल्यावर मुद्दाम पेट्रोलवर चालवतो, मग विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली कितीही खोळंबा असो. पेट्रोल भरल्याची तारीख डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहितो आणि महिन्यातून एकदा स्कॅनर लावून ट्रिमचा आकडा तिच्याशेजारी नोंदवतो. गेल्या सात नोंदींत तो अधिक ५ ते अधिक ७ च्या दरम्यान आहे. १० च्या वर गेला तर आधी पुन्हा काचेची बरणी काढायची, असे मी ठरवून ठेवले आहे.